फिकसला तार नीट घातली, तरी झाड अँटेना दिसतंय

जुना_फिटर
नमस्कार मंडळी. भांडुपला राहतो. ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली, निवृत्तीनंतर बोन्सायचा नाद लागला. चार वर्षांपूर्वी अंगठ्याएवढ्या खोडाचा फिकस (वड-पिंपळाच्या जातीतला) आणला, त्याला नागमोडी बाक दिला. एप्रिलमध्ये फांद्यांना वळण लावायला ॲल्युमिनियमची तार घातली. जाडी फांदीच्या एक तृतीयांश, वेढे ४५ अंशात, एकावर एक कुठेही चढलेला नाही. पहिली फांदी उंचीच्या तिसऱ्या भागावर डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी मागे. अंतरं व्हर्नियरने, म्हणजे कारखान्यातल्या बारीक मापाच्या उपकरणाने, मोजली आहेत (हसू नका).

परवा सूनबाई गच्चीत चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हा जुना अँटेना कशाला जपलाय?" राग आला नाही, कारण मलाही तेच दिसत होतं. काय चुकतंय? ही नजर शिकता येते की उपजतच लागते?

गच्चीवरचा
काका, झाड तजेलदार आहे ना? मग निम्मं काम झालं. वॉशिंग्टनला एक जपानी पाईन आहे, १६२५ पासून बोन्साय म्हणून वाढवलेला. हिरोशिमातल्या बॉम्बमधून वाचला, १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने अमेरिकेला भेट दिला. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी रोज पाणी घातलं, म्हणून तो आज आहे. कला मागाहून.

आणि तार आत्ता तपासा. पावसात फिकस भराभर जाडावतो, तार सालीत रुतते. काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा. मातीत विटांचा चुरा भरपूर आहे ना? नुसती लाल माती असेल तर जुलैत मुळं सडतील.

कुंती_दादर
गच्चीवरच्या, तुझं खरं आहे, पण काका वेगळं विचारताहेत.

काका, मी चित्रकला शिकवायची. मला "नजर आहे" असं सगळे म्हणत. त्याच तोऱ्यात भर मे महिन्यात एका चिंचेची मुळं छाटली आणि त्याच दिवशी खोडही वाकवलं. आकार इतका सुंदर आला होता की शेजारणीला बोलावून दाखवला. पंधरा दिवसांत काडी झाली. त्यामुळे तुमच्या व्हर्नियरला मी हसणार नाही.

पण दुखणं तिथेच आहे. रात्री गच्चीतला दिवा बंद करा, टॉर्च लावून झाडाची सावली भिंतीवर पाडा. सावलीत हिरवेपणा दिसत नाही, तारेची सफाई दिसत नाही. दिसतात त्या फांद्यांमधल्या रिकाम्या जागा. तुमच्याकडे त्या सगळ्या एकाच मापाच्या निघतील, पैज लावते.

नजर शिकता येते. मी फाइव्ह गार्डनला एकाच झाडासमोर बसून कित्येक रविवार रेघोट्या ओढल्या. रस्त्याच्या बाजूने ते छाटलेलं, त्यामुळे सगळा भार बागेकडे झुकलेला, आणि तो पेलायला त्याच्या उलट बाजूची मुळं जमिनीवर फुगलेली. तिथे एकही वळण विनाकारण नव्हतं. तुमच्या नागमोडी बाकाला कारण काय? वारा कुठून येतो? उजेड कुठे आहे? ते ठरलं की कुठली फांदी नको ते आपोआप कळेल.

कुंडी हळूहळू फिरवूनही बघा. पुढची बाजू तुम्ही ठरवलीत तीच असेल असं नाही.

मुलुंडचा_माळी
व्हर्नियर!! 😂 काका, दंडवत.

जुना_फिटर
काल टॉर्च लावला. कुंतीताई, पैज जिंकलात. सावलीत शिडी दिसली, सरळ शिडी.

मग कुंडी फिरवत गेलो. मागच्या बाजूला खोडावर जुनी खूण आहे, नर्सरीत कधीतरी फांदी तुटल्याची. ती लपावी म्हणून मी झाड असं ठेवलं होतं. ती समोर घेतल्यावर बाकाला अर्थ आला: फांदी गेली आणि झाड दुसरीकडे कललं. पण आता उजवीकडची फांदी आडवी येते. तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. तीनदा कात्री उचलली, ठेवली. सकाळी कापली.

तार दोन ठिकाणी रुतली होती, गच्चीवरच्याचं ऐकून तुकडे करून काढली. एकच विचारतो, कापलेल्या जागेतून पांढरा चीक थांबत नाहीये. राख लावू का?

कुंती_दादर
राख नको. पाणी फवारा, थांबेल. आणि फोटो टाका.