बिझनेस कोडमध्ये ऑब्झर्व्हर पॅटर्न नकोच (माझं मत, भांडायला या)

सेमीकोलन
टीममध्ये एक वाद चाललाय तो इथे आणतोय. जावामधली ऑर्डर सर्व्हिस आहे, ऑर्डर कन्फर्म झाली की स्टॉक कमी करायचा, इनव्हॉइस बनवायचं, ग्राहकाला मेल टाकायचा. आमच्यातल्या एकाने पुस्तकात असतो तसा ऑब्झर्व्हर लावला, म्हणजे ऑर्डर हा सब्जेक्ट, त्याच्याकडे लिसनरची (खबर हवी असलेल्यांची) लिस्ट, कन्फर्म झालं की लिस्टवर लूप फिरवून प्रत्येकाचं अपडेट कॉल करायचं. दिसायला छान. पण मी म्हणतो तीन सरळ ओळी लिहा ना राव, स्टॉक कमी कर, इनव्हॉइस बनव, मेल पाठव. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं काय होतंय आणि कुठल्या क्रमाने. ऑब्झर्व्हर लावला की आयडीईत क्लिक करून बघायला जावं तर इंटरफेसवर जाऊन अडकतं, खाली इंप्लिमेंटेशन्सची भली मोठी यादी, आणि त्यातलं चालू असताना नेमकं कोण जोडलेलं आहे हे डीबगर लावल्याशिवाय कळत नाही.

यूआय सोडून बाकी कुठेही हाताने लिहिलेला ऑब्झर्व्हर नको. जावावाल्यांनी स्वतःचा ऑब्झर्व्हेबल (या पॅटर्नचा तयार क्लास) 9 व्या व्हर्जनला डेप्रिकेट केला, म्हणजे वापरू नका असा शिक्का मारला, यावरून तरी समजा.

गरमचहा
शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला. डेप्रिकेट तो क्लास झाला, पॅटर्न नाही. तो क्लास मुळातच फसलेला होता. जावा 1.0 पासूनचा, इंटरफेस न ठेवता क्लास ठेवला, म्हणजे तुमचा क्लास आधीच दुसऱ्या कशाला एक्स्टेंड करत असेल तर दार बंद. बरं ऑब्जेक्ट आत ठेवून वापरावा म्हटलं तर बदल झाला हे सांगणारी सेटचेंज्ड मेथड प्रोटेक्टेड, सबक्लास केल्याशिवाय हात लागत नाही. आणि गंमत म्हणजे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की डिफॉल्ट इंप्लिमेंटेशन ज्या क्रमाने नोंदणी झाली त्या क्रमाने कळवतं, आणि सोर्स उघडला तर लूप मागून पुढे येतो, म्हणजे शेवटी नोंदवलेल्याला पहिली खबर! असला क्लास काढला तर पॅटर्न कसा काय वाईट ठरला? डेप्रिकेट करताना त्यांनी पर्याय म्हणून बीन्सचे लिसनर आणि फ्लो एपीआय सुचवलंय, ते दोन्ही ऑब्झर्व्हरच्याच घरातले.

राहिल्या तुझ्या तीन ओळी. आज तीन. उद्या प्रॉडक्टवाले लॉयल्टी पॉइंट आणणार, परवा एसएमएस, मग अ‍ॅनालिटिक्स. दर वेळी ऑर्डर सर्व्हिसचा कन्स्ट्रक्टर एक पॅरामीटर लांब होणार आणि साधी किंमत बरोबर येते का हे टेस्ट करायला सहा मॉक (खोटे ऑब्जेक्ट) बनवायचे.

सेमीकोलन
बरं, डेप्रिकेटचा मुद्दा तुझा. पण कन्स्ट्रक्टर लांब झाला तर झाला, निदान दिसतो तरी. ऑब्झर्व्हरमध्ये डिपेंडन्सी संपत नाही, फक्त दिसेनाशी होते. इनव्हॉइसला स्टॉक आधी लॉक झालेला हवा असेल तर तो क्रम कुठे लिहिणार? कुणीतरी लिसनर जोडायच्या ओळी खालीवर केल्या की संपलं.

नल_पॉइंटर
क्रम सोडा, एक्सेप्शनचं बोला. साधा लूप असेल आणि दुसऱ्या लिसनरने एक्सेप्शन फेकलं तर तिसऱ्याला कळतच नाही. सी शार्पच्या इव्हेंटमध्येही हेच, मल्टिकास्ट डेलिगेट म्हणजे फंक्शनची यादी, त्यातला एक आपटला की पुढचे राहिले. मग लोक ट्राय कॅच घालतात, मग एक्सेप्शन गिळलं जातं, मग इनव्हॉइस का बनलं नाही म्हणून अकाउंट्सवाले फोन करतात.

आणि ट्रान्झॅक्शन (डेटाबेसचे बदल सगळे होणार किंवा एकही नाही)! स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा साधा इव्हेंट लिसनर डिफॉल्टने त्याच थ्रेडमध्ये, सिंक्रोनस चालतो. बऱ्याच जणांना वाटतं इव्हेंट म्हणजे मागे कुठेतरी आपोआप होणार. तसं नाही. मेल लिसनर फुटला तर एक्सेप्शन पब्लिश करणाऱ्याकडे परत येतं आणि मेल सर्व्हर बंद आहे म्हणून ऑर्डरच रोलबॅक, म्हणजे सगळे बदल मागे. किंवा उलटं, मेल गेला आणि नंतर डेटाबेसने कमिट (बदल कायमचे नोंदवणं) नाकारलं, ग्राहकाच्या हातात कन्फर्मेशन आणि आपल्याकडे ऑर्डरच नाही. त्यासाठी स्प्रिंग 4.2 पासून ट्रान्झॅक्शनल इव्हेंट लिसनर आहे, तो डिफॉल्टने कमिटनंतर चालतो. पण ट्रान्झॅक्शन चालूच नसेल तर तो इव्हेंट चुपचाप टाकून देतो, फॉलबॅक एक्झिक्युशन ट्रू केलं नसेल तर. टेस्टमध्ये लिसनर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसलेले पाहिलेत मी.

गरमचहा
@नल_पॉइंटर हे सगळं खरं, पण सरळ कॉल केला तरी मेल सर्व्हर बंद असला की ऑर्डर रोलबॅकच होणार ना? ही ट्रान्झॅक्शनची भानगड आहे, ऑब्झर्व्हरच्या माथी का मारताय?

नल_पॉइंटर
सरळ कॉलमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत मेल पाठवतोय हे रिव्ह्यूमध्ये डोळ्यांना दिसतं. फरक तेवढाच, पण तो मोठा आहे.

कोपऱ्यातली_खिडकी
तुम्ही सगळे सर्व्हरवाले दिसता, आमच्या अँड्रॉइडमध्ये खरा त्रास वेगळाच आहे. प्रत्येक क्लासमध्ये ऑब्झर्व्हर शिकवताना पेपर लावायचं उदाहरण देतात, नाव नोंदवा, रोज सकाळी पेपर दारात. पण घर बदलल्यावर पेपर बंद करायला कुणी सांगायचं, हे कुणी शिकवत नाही. स्क्रीन बंद झाली, सब्जेक्ट मात्र ॲप चालू आहे तोवर जिवंत, त्याच्या लिस्टमध्ये स्क्रीनचा रेफरन्स, म्हणजे गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) ती अख्खी स्क्रीन उचलू शकत नाही. याला लॅप्स्ड लिसनर म्हणतात आणि हा फार जुना आजार आहे.

वर जावामध्ये एक खास खड्डा. जोडताना लिहिलं ॲड(धिस::अपडेट), काढताना लिहिलं रिमूव्ह(धिस::अपडेट). वाचायला एकदम बरोबर. पण ते मेथड रेफरन्स लिहाल तिथे वेगळं ऑब्जेक्ट बनतं, दोघांचं इक्वल्स जमत नाही, रिमूव्ह गुपचूप फॉल्स देतं आणि लिसनर तिथेच. ना एरर ना वॉर्निंग. आधी फील्डमध्ये ठेवून तोच वापरावा लागतो. मला विचाराल तर हाताने लिहायचाच असेल तर रिमूव्ह मेथड ठेवूच नका, सबस्क्राइब केलं की एक हँडल परत द्या आणि त्यावर क्लोज. डॉटनेटने 2010 मध्ये आयऑब्झर्व्हेबल आणलं तेव्हा सबस्क्राइब मेथड आयडिस्पोझेबल परत देते असंच ठेवलं. आमच्या अँड्रॉइडच्या लाइव्हडेटात तर ओनरच (उदा. स्क्रीन) द्यावा लागतो, तो डिस्ट्रॉय झाला की ऑब्झर्व्हर आपोआप निघतो. (ओनर न घेणारं ऑब्झर्व्हफॉरेव्हर वापरलंत तर निस्तरा तुमचं तुम्ही.)

गरमचहा
किंवा लिस्टमध्ये वीक रेफरन्स ठेवा, म्हणजे गार्बेज कलेक्टरला न अडवणारा, काढायची कटकटच नाही.

कोपऱ्यातली_खिडकी
अजिबात नको! लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं फंक्शन) दिला आणि तो दुसऱ्या कुणीच धरून ठेवला नसेल तर जीसी (गार्बेज कलेक्टर) आला की लिसनर गायब. डेव्हलपरच्या मशीनवर मेमरी भरपूर, जीसी क्वचित, सगळं चालतं. प्रॉडक्शनला लोड आला की अधूनमधून अपडेट येणं थांबतं आणि लॉगमध्ये काहीही नाही. लीक परवडला, तो निदान हीप डंपमध्ये (मेमरीच्या नोंदीत) सापडतो.

प्रश्नचिन्ह
मी फायनल इयरला आहे, एक शंका. लिसनरने अपडेटच्या आतून स्वतःलाच लिस्टमधून काढलं तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं. पण माझ्याकडे कधी येतं कधी येत नाही. का?

नल_पॉइंटर
@प्रश्नचिन्ह तुझा लिसनर शेवटून दुसरा असणार जेव्हा येत नाही तेव्हा. अ‍ॅरेलिस्टवर फॉरईच चालवताना शेवटून दुसऱ्याने स्वतःला काढलं की साइज एकने कमी होते, इटरेटरचा कर्सर नेमका त्या साइजएवढा असतो, हॅझनेक्स्ट फॉल्स म्हणतं आणि लूप शांतपणे संपतो. शेवटच्या लिसनरला कळवलंच जात नाही. एक्सेप्शन आलं असतं तर बरं असं म्हणायची वेळ. उपाय म्हणजे कळवण्याआधी लिस्टची कॉपी घे आणि तिच्यावर फिर, किंवा कॉपी ऑन राइट अ‍ॅरेलिस्ट वापर, लिसनर जोडणं काढणं कमी आणि कळवणं जास्त असतं तिथे ती फिट बसते. आणि सिंक्रोनाइज्ड (लॉक धरलेल्या) ब्लॉकच्या आतून लिसनरला कधी कॉल करू नकोस, तो आत काय करेल ते आपल्या हातात नाही, दुसऱ्या थ्रेडची वाट बघत बसला आणि त्या थ्रेडला तुझंच लॉक हवं असलं तर डेडलॉक, दोघेही अडकले.

सेमीकोलन
बघा! तीन फंक्शन कॉल टाळायला लिस्टची कॉपी, हँडल, लॉकचे नियम, कमिटनंतरचं वेगळं अ‍ॅनोटेशन. माझी बाजू तुम्हीच मांडताय.

जुना_खोडरबर
थोडं मागे जाऊया मंडळी. ही कल्पना स्मॉलटॉकमधून आली, झेरॉक्स पार्कला 1970 च्या दशकाअखेर एमव्हीसी (मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर) झालं तिथून. मॉडेल चेंज्ड म्हणायचं, डिपेंडंट्सना अपडेट जायचं. ऑब्झर्व्हर हे नाव घेऊन ती सगळीकडे पसरली ती 1994 च्या डिझाइन पॅटर्नच्या पुस्तकानंतर. तेव्हाची गरज काय होती, एकाच मॉडेलवर दोन खिडक्या उघड्या, एक तक्ता, एक आलेख, आणि मॉडेलला माहीतच नाही किती खिडक्या आहेत. त्या उघडतात, बंद होतात. ऑब्झर्व्हर तिथे लागतो. @सेमीकोलन, तुमच्या ऑर्डरचे लिसनर चालू असताना कधी बदलतात का? सर्व्हर सुरू होताना तीन जोडले, बंद होईपर्यंत तेच तीन. आणि स्टॉक कमी होणं ही काही बघ्याची भूमिका नाही, तो झाला नाही तर ऑर्डरच खोटी. ज्याच्यावाचून काम अडतं त्याला ऑब्झर्व्हर म्हणू नये असं माझं मत.

गरमचहा
काका, स्टॉकचं मान्य. पण लिसनर बदलत नाहीत म्हणून पॅटर्न नको हे नाही पटत. रनटाइमला नाही बदलत पण दर रिलीजला बदलतात, आणि ते लिहिणारी टीम वेगळी असते. लॉयल्टीवाल्यांनी माझी फाइल उघडू नये एवढंच मला हवंय.

बिनकामाचा_सर्व्हर
काफ्का (मेसेज पोचवणारा वेगळा सर्व्हर) लावा ना सरळ.

नल_पॉइंटर
एका प्रोसेसमधल्या तीन लिसनरसाठी? ब्रोकर कोण सांभाळणार, तू?

सेमीकोलन
काकांचा मुद्दा घेऊन पीआर (कोड जोडायची विनंती) बदलायला सांगतोय. स्टॉक आणि इनव्हॉइस सरळ कॉल, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच क्रमाने. मेल तेवढा कमिटनंतरच्या इव्हेंटवर. कमिट आणि मेल यांच्यामध्येच सर्व्हर पडला तर मेल हरवणार हे माहितीये, त्यासाठी आउटबॉक्स टेबल (पाठवायचे मेल आधी डेटाबेसात नोंदवणारं) पुढच्या स्प्रिंटला बघू. माझं मूळ मत कायम आहे, हाताने लिहिलेली लिस्ट मर्ज होऊ देणार नाही.

गरमचहा
म्हणजे एक लिसनर ठेवलासच. आणि लॉयल्टी आलं की?

सेमीकोलन
आलं की बघू.

गरमचहा
बोर्डावर तिकीट आहे ना ऑलरेडी?

सेमीकोलन
आहे.