थरारकथेतला हॅकर शेवटी पकडायचा कसा?

कोराकागद:
कादंबरी लिहितोय. विषय २३ डिसेंबर २०१५ चा. युक्रेनमध्ये इव्हानो-फ्रँकिव्स्क भागातली वीज हॅकरांनी घालवली होती. माझा पोलीस अधिकारी तीन देश पालथे घालून त्याला बेड्या ठोकतो. बायको म्हणते, शेवट हिंदी सिनेमासारखा झालाय. कुठे फसतंय?

रातपाळी:
३१ वर्षं उपकेंद्रात काढली, म्हणून बोलतो. बेड्या राहू द्या, आधी माउस दाखवा. दुपारी साडेतीनचा सुमार. ऑपरेटरचा हात माउसवर नाही, तरी स्क्रीनवरचा बाण सरकतोय. ब्रेकरवर जातो, ओपन करतो. (आमच्यात ब्रेकर ओपन म्हणजे वीज बंद. नवा हेल्पर आठ दिवस उलटंच समजतो.) ऑपरेटर माउस ओढून बघतो, बाण जुमानत नाही. मग लॉगआउट, पासवर्डही बदललेला. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात, आणि तक्रारीच्या लाइनवर खोट्या फोनांचा मारा.

आता तुमचे खरे नायक. माणसं गाड्या काढून एकेका उपकेंद्रावर गेली आणि हातानं ब्रेकर टाकले. काही तासांत सप्लाय आला. ब्रेकर टाकायचा जोर स्प्रिंगमधून येतो; ती ताणणारी मोटर बिघडली की स्प्रिंग हँडलनं चार्ज करावी, म्हणजे ताणावी लागते. भर पावसात रात्री दोनला टॉर्च दातात धरून मीही ते केलंय.

कोराकागद:
काका, अंगावर काटा आला. पण मग खलनायक मोकळाच?

उरणकर:
ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या ७४४५५ क्रमांकाच्या युनिटमधल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. २०२२ मध्ये त्यांच्या माहितीसाठी १ कोटी डॉलरपर्यंतचं इनाम लावलं. पण धरायला मॉस्कोत जाणार कोण? त्याच आरोपपत्रात २०१७ चा नॉटपेट्या हा कॉम्प्युटर बंद पाडणारा व्हायरसही आहे. युक्रेनमधल्या कर भरायच्या सॉफ्टवेअरमधून तो सुटला आणि आमच्या न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल अडकवून गेला. एक प्रकरण इथलंही टाका की!

कोराकागद:
टाकतो. रातपाळी काका, ते हँडल किती वेळा फिरवायचं?

रातपाळी:
मोजतंय कोण? खट्ट आवाज येऊन खिडकीत 'चार्ज्ड' दिसेपर्यंत. तोवर फोन वाजत असतो, तो घ्यायचा नाही.