विषय: रूट डिस्क भरली, गणपतीची नोंदणी अडकली आहे

मंदार, रविवार रात्री ९:४०

मंडळी,
नोंदणीचा फॉर्म दुपारपासून बंद आहे. 'सबमिट' दाबलं की कोरं पान येतं. डीएफ (जागा मोजणारी कमांड) म्हणतं रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य डिस्कचा, आकार २० जीबी, वापर १९, शिल्लक ०. अपाचेचा (साइट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) दीड जीबीचा लॉग मी आरएम केला, म्हणजे काढून टाकला, तरी आकडा तसूभरही हलला नाही. केटररला मोदकांचा आकडा उद्या दुपारी द्यायचाय. निदान जुने फोटो तरी काढू का? २०११ पासूनचे पडून आहेत.

अनघा, रात्री ९:५२

मंदार, फोटोंना हात लावू नकोस. मागच्या साइटच्या वेळीही न विचारता दोन वर्षांचे अल्बम गेले होते, ते परत मिळाले नाहीत. २०१३ च्या आरतीत माझी आई आहे, ती इकडे आली ती तेवढीच एकदा. तिच्या हातातलं निरांजन आणि मागे हॉलच्या घड्या घातलेल्या खुर्च्या असा तो एकच फोटो आहे, आणि माझ्याकडे त्याची दुसरी प्रत नाही.

मंदार, रात्री १०:०५

ताई, विचारल्याशिवाय काही काढणार नाही. पण २० मधून १९ गेले तर १ जीबी उरायला हवा ना? तो कुठे गेला?

निखिल, रात्री १०:३१

मंदार, तो १ जीबी राखीव आहे. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये पाच टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिनसाठी, बाजूला ठेवलेली असते. म्हणून तुला रूटने लॉगिन करता येतंय, पण नोंदी साठवणारं मायएसक्यूएल स्वतःच्या युजरने चालतं, त्याला ती मिळत नाही. ट्यून२एफएस कमांडने ती कमी करता येते, पण आज नको.

लॉगचं म्हणशील तर आरएमने फक्त नाव जातं. अपाचेने फाइल उघडी धरली आहे तोवर जागा सुटत नाही. 'एलएसओएफ +एल१' चालव, ती काढलेल्या पण अजून उघड्या फाइली दाखवते; तुझ्या लॉगपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसेल. अपाचे रीस्टार्ट कर. पुढच्या वेळी आरएमऐवजी ट्रंकेट वापर, ती फाइल ठेवून फक्त आतलं रिकामं करते.

सतीश, रात्री १०:४४

निखिल, राखीव जागेला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा सर्व्हर मी उभा केला तेव्हा ती मुद्दाम तशीच ठेवली होती. आमच्या जुन्या ऑफिसात एकाने ती शून्यावर आणली, डिस्क पुन्हा भरली, आणि साफ करायला जे लॉगिन लागतं तेच होईना. पहाटे तीनला गाडी काढून डेटा सेंटर गाठावं लागलं होतं.

निखिल, रात्री १०:५०

काका, म्हणूनच "आज नको" म्हटलं.

मंदार, रात्री ११:०२

अपाचे रीस्टार्ट केल्यावर दीड जीबी सुटला, फॉर्म चालू झाला! पण डीएफ अजून १७.५ सांगतंय आणि 'डीयू -एक्स' (फाइली मोजून बेरीज करणारी कमांड) पूर्ण रूटवर चालवलं तर जेमतेम ८.२ भरतात. नऊ जीबींचा हिशेब लागत नाही. अ‍ॅप्टची कॅश (उतरवलेल्या पॅकेजांच्या फाइली) आणि जुनी कर्नलं (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) काढू का?

अनघा, रात्री ११:०८

म्हणजे फोटोंचा प्रश्न मिटला ना? कोणीतरी स्पष्ट लिहा.

निखिल, रात्री ११:२०

ताई, फोटो दुसऱ्या डिस्कवर आहेत. ते सगळे काढले असते तरी रूटवर एक बाइटही सुटला नसता.

मंदार, कॅश आणि कर्नलं मिळून नऊ जीबी होणार नाहीत, आणि ती असती तर डीयूला दिसलीच असती. मार्चमध्ये सर्व्हर रीबूट झाला होता तेव्हा बॅकअपची डिस्क परत माउंट कोणी केली, म्हणजे तिच्या फोल्डरला कोणी जोडली?

सतीश, रात्री ११:३३

मी केली, हाताने. तीन दिवसांनी लक्षात आलं होतं.

निखिल, रात्री ११:५५

मग तेच झालंय काका. त्या तीन रात्री स्क्रिप्टने बॅकअप रूटवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाकले. वर डिस्क माउंट झाली आणि ते तिच्याखाली झाकले गेले, म्हणून डीयूला दिसत नाहीत. मी 'माउंट --बाइंड' करून रूट दुसरीकडे उघडलं, तिथे वरची डिस्क आड येत नाही. तीन फाइली आहेत, प्रत्येकी ३.१ जीबी. बॅकअप डिस्कवर त्याआधीचे आणि नंतरचे सगळे नीट आहेत. काका, तुम्ही हो म्हणाल तरच या तीन काढतो.

सतीश, सोमवार पहाटे ५:४०

काढ. एफएसटॅबमध्ये (सर्व्हर सुरू होताना आपोआप माउंट होणाऱ्या डिस्कच्या यादीत) मीच ओळ घालायला हवी होती, आज घालतो. यूयूआयडीने (डिस्कच्या ओळखक्रमांकाने) घालतो, सोबत नोफेल, म्हणजे ती डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होईल. स्क्रिप्टमध्येही माउंटपॉइंटची तपासणी टाक, डिस्क नसेल तर तिने काही न लिहिता थांबावं आणि मला मेल करावा.

निखिल, सकाळी ७:१५

काढल्या, स्क्रिप्टही बदलली. वापर ८.२.

मंदार, सकाळी ८:०२

रात्रीत २३ नोंदी आल्या. काल दुपारी ज्यांचं पान कोरं आलं त्यांनी कृपया पुन्हा भरा, त्यांची नोंद झालेली नाही. उकडीचे की तळणीचे, तेही लिहा. केटरर १ वाजेपर्यंत थांबतोय.

अनघा, सकाळी ८:२०

२०१३ चा अल्बम उघडून पाहिला, फोटो आहे. निखिल, ती फोटोंची डिस्क रात्रीच्या बॅकअपमध्ये येते का?

निखिल, सकाळी ८:४१

नाही ताई, येत नाही. शनिवारी तुमच्याकडे हार्ड डिस्क घेऊन येतो.