मदत हवी आहे: 'बेसा'ला (शब्द पाळण्याची आणि आसरा देण्याची अल्बानियन रीत) मराठीत काय म्हणावं?

दुसऱ्या महायुद्धातल्या अल्बानियावर आठवी-नववीच्या मुलांसाठी फलक करायचा आहे. आकडे पक्के आहेत: युद्धाआधी तिथे जेमतेम 200 ज्यू होते, युद्ध संपताना सुमारे 2000. सप्टेंबर 1943 मध्ये जर्मन फौजा आल्यावरही बहुतेक सगळे वाचले. 1941 मध्ये अल्बानियाला जोडलेला कोसोव्हो यात धरलेला नाही. तिथल्या प्रिश्टिना शहरातल्या ज्यूंना 1944 मध्ये पकडून बर्गेन-बेल्सेनच्या नाझी छळछावणीत पाठवलं होतं. म्हणून 'युद्धापूर्वीच्या सीमांतला अल्बानिया' असं लिहिणार आहे.

उदाहरण क्रुया गावच्या वेसेली कुटुंबाचं. त्यांनी मांडिल या ज्यू पती-पत्नीला गोठ्यावरच्या खोलीत लपवलं. मांडिलांची मुलं मात्र घरच्या मुलांत मिसळून राहिली.

अडलंय ते 'बेसा' या शब्दापाशी. 'वचन' तोकडं पडतं, कारण दारात आलेल्या अनोळखी माणसालाही बेसा लागू होतो, आधी कसला करार नसला तरी. 'अभय' राजाने प्रजेला द्यावं तसं वाटतं. इथे तर पाहुण्याचा मान यजमानाहून मोठा. 'इमान' म्हटलं की मालक-चाकर आठवतात. 'आदरातिथ्य' फारच गुळगुळीत, त्यात जिवाची जोखीम येत नाही. सध्या 'दिल्या शब्दाला जागणं' हे त्यातल्या त्यात जवळचं वाटतंय, पण त्यात आसरा सुटतो.

मूळ शब्द फलकावर राहील. खाली अर्थासाठी एकच ओळ आहे, आठ शब्दांची. तळटीप चालणार नाही.

शब्द पाळणं आणि आसरा देणं, दोन्ही एकत्र सांगणारा एखादा शब्द किंवा बोलीतला वाक्प्रचार कुणाला माहीत आहे का?