केर्न्सला गळ टाकायला गेलेल्यांचे अनुभव

यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात केर्न्सला निघालेले ओळखीत बरेच जण निघाले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "ते मोठे मासे धरतात, ते आपल्याला जमेल का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा धागाच काढते. ज्यांनी तिथे गळ टाकला, टाकणाऱ्यासोबत नुसते बसले किंवा धक्क्यावरच थांबले, त्या सगळ्यांनी लिहा. फोटो नंतर, आधी तपशील.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडमधलं हे बंदर १८७६ साली वसलं ते आतल्या डोंगरातल्या सोन्याच्या खाणींसाठी. पुढे ऊस आला, साखर आली. गळाच्या शौकिनांत नाव झालं ते मात्र सप्टेंबर १९६६ मध्ये. जॉर्ज ब्रॅन्सफर्ड या अमेरिकन कप्तानाच्या 'सी बेबी' बोटीवर रिचर्ड ओबाक याने १,०६४ पौंडांचा, म्हणजे ४८० किलोंच्या वरचा काळा मार्लिन, भाल्यासारख्या तोंडाचा समुद्री मासा, धरला. हजार पौंडांपलीकडचा मासा हे या शौकातलं शिखर. बातमी फुटली आणि जगभरचे लोक इथे यायला लागले. ली मार्विन हा हॉलिवूडचा नटही त्यातलाच. आज तिथल्या बोटतळाचं नावच मार्लिन मरीना आहे.

चला, लिहा.

सिडनीहून

आम्ही मित्रांनी वर्गणी काढून मार्लिनची बोट घेतली होती. एकट्यादुकट्याचं काम नाही. दिवसाचे काही हजार डॉलर जातात, मग मासा लागो न लागो.

प्रवाळाची बाहेरची कड गाठायलाच बराच वेळ जातो. तोवर पाणी फिकट हिरवं असतं, आणि कड ओलांडली की तळ एकदम तुटतो, पाणी गडद निळं होतं. मार्लिन या कडेला येतात ते विणीसाठी, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. हजार पौंडांचा मासा म्हणजे मादीच. नर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आमिष बघून मी थक्क झालो. बाजारात जो मासा आपण चार जणांच्या जेवणासाठी घेऊ, तो अख्खा मासा खलाशी सुई-दोऱ्याने शिवून गळाला लावतो आणि बोटीमागे ओढत ठेवतो. मग तासन्‌तास काही घडत नाही. ऊन, डिझेलचा वास आणि गप्पा. आमच्यातला एक जण तर चक्क घोरत होता.

दुपारी एक मार्लिन वर आला. आधी पाण्याखाली तपकिरी सावली, मग रीळ किंचाळायला लागलं. ज्याची पाळी होती त्याला खुर्चीत बसवून पट्टे आवळले. कप्तान बोट उलटी, माशाच्या दिशेने घेत होता. इंटरनेटवर दिसतं तसं सगळं त्या खुर्चीतल्या माणसाच्या दंडावर चालत नाही, निम्मं काम सुकाणूवरचा माणूस करतो. मार्लिनने पूर्ण अंग पाण्याबाहेर काढलं, डोकं झटकलं आणि गळ सुटला. झालं. माझ्या मते पैसे वसूल. आमच्यातल्या एकाच्या मते अजिबात नाहीत, आणि तो अजून ऐकवतो.

पुण्याहून

मी मासे खात नाही आणि मला बोट लागते. तरी नवऱ्याच्या हौसेखातर गेले होते, म्हणून किनाऱ्यावरच्यांसाठी लिहिते.

पहिलं म्हणजे शहराला पुळण नाही. एस्प्लनेड या समुद्राकाठच्या रस्त्यासमोर ओहोटीला चिखल पसरलेला असतो. पुष्कळ जण ते बघून हिरमुसतात. मला आवडलं, कारण त्या चिखलात लांबून स्थलांतर करून आलेले पाणपक्षी आणि पेलिकन अगदी समोर दिसतात. पोहायला त्याच रस्त्यावर खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय, फुकट. संध्याकाळी वटवाघळांचे थवेच्या थवे शहरावरून जातात. शुक्रवार ते रविवार रस्टीज मार्केट भरतं. पपया, आंबे, फणस, हिरव्या पालेभाज्यांच्या जुड्या पाहून मंडईत आल्यासारखं वाटलं, फक्त भावाची घासाघीस नाही. कुरांडा या डोंगरातल्या गावाची रेल्वे चुकवू नका. १८९१ ची लाईन आहे, बोगद्यांमधून डोंगर चढते आणि बॅरन धबधब्यापाशी थांबते. कर्जत-खंडाळ्याच्या घाटात वाढलेल्यांनाही बरी वाटेल.

बोटीवर जाणारच असाल तर उलटीची गोळी आदल्या रात्री एक आणि सकाळी एक, हे मला तिथल्या औषधवाल्याने सांगितलं. बोटीत बसल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच अर्पण होते.

ठाण्याहून

एक सावधानता. आम्ही जुलैमध्ये गेलो, कारण तेव्हाच सुट्टी होती. हवा सुरेख, कोरडी. पण एप्रिल ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. आमची सहल वाऱ्यामुळे रद्द झाली, आणि पैसे परत मिळवायला त्या बोटवाल्याच्या फार मागे लागावं लागलं. बुकिंग करताना हवामानामुळे रद्द झाल्यास काय, हे लेखी घ्या. आणि बोटीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

ब्रिस्बेनहून

वरच्या अनुभवांत मार्लिनच मार्लिन आहे, म्हणून खाडीबद्दल लिहिते. आमचे सासरे रेवदंड्याचे. सगळं आयुष्य खाडीकाठी गेलेलं. ते आले तेव्हा मोठ्या बोटीचा खर्च ऐकूनच "नको" म्हणाले. मग आम्ही ट्रिनिटी इनलेटमध्ये, शहराला लागून असलेल्या खाडीत, अर्ध्या दिवसाची छोटी बोट घेतली. दोन्ही बाजूंना तिवरांचं रान. बोट आत शिरली तसे बाबा बोलायला लागले: इथे भरतीला मासा आत येणार, या मुळांपाशी उभा राहणार. बोटवाला वाटाड्या म्हणून आलेला, पण पाणी वाचत होते बाबा.

तिथे सगळे ज्याला बारामुंडी म्हणतात, तो आपला जिताडाच. जात एकच. गळाला लागला तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. बोटवाल्याने मासा पट्टीवर आडवा ठेवला, ५४ सेंटीमीटर भरला आणि त्याने तो पाण्यात सोडून दिला. क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटीमीटरच्या आतला ठेवता येत नाही, आणि १२० च्या वरचाही नाही.

बाबा खवळले. "सोडायचा होता तर धरला कशाला?" लहान सोडला हे त्यांना पटलं, पण मोठा का सोडायचा? बोटवाल्याने सांगितलेलं मी मराठीत सांगितलं: जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे सगळ्यात मोठे मासे ते सगळे अंड्यांवरच्या माद्या. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे पहिल्या पावसात खाडीच्या तोंडाशी आम्ही ह्याच उचलत आलो." पुढे अलिबागकडच्या शहापूर-धेरंडच्या तळ्यांतल्या जिताड्यांबद्दल, माशाची पिल्लं धरून तळ्यात सोडून वाढवण्याबद्दल ते बोटवाल्याला सांगत राहिले. मी दुभाषी. बोटवाला इतका रंगला की वेळ संपल्यावरही बोट वळवेना.

चिंबोऱ्यांचाही नियम आहे: मादी ठेवायचीच नाही, नर कवचाला १५ सेंटीमीटर हवा. हा मात्र बाबांना अजूनही मंजूर नाही. गाबोळीची, म्हणजे अंड्यांनी भरलेली चिंबोरी सोडून द्यायची म्हणजे काय!

एक नीट लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी पूर्व किनाऱ्यावर जिताडा धरायला बंदी असते. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. समुद्रात किंवा खाडीत हौसेने गळ टाकायला परवाना लागत नाही, पण नियम सगळे लागू असतात.

मेलबर्नहून

रेवदंड्याच्या बाबांना माझा नमस्कार. आम्ही मधला मार्ग घेतला: प्रवाळावरची सामायिक बोट, माणशी तिकीट, गळ-दोर त्यांचेच. तळाला गळ सोडायचा. आम्हाला कोरल ट्राउट मिळाला, तो आपल्या गोबऱ्याच्या कुळातला, आणि एक सुरमई. हो, तीच सुरमई. तिथे स्पॅनिश मॅकरेल म्हणतात आणि माणशी एकच ठेवता येते. बोटीवरच माणूस तुकड्या करून देतो. डोकं आणि काटा टाकायला निघाला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. डोकं घेतलं. स्वयंपाकघर असलेली खोली होती, कोकमं आणि तिरफळं मी घरून नेली होती. भारतातून थेट येणाऱ्यांनी खाण्याच्या सगळ्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्यात, लपवू नयेत. दंड जबर आहे.

धोक्याची गोष्ट म्हणजे सिग्वाटेरा. प्रवाळातल्या सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांतून मोठ्यात साठत जातं. शिजवून, तळून, आंबट घालून ते जात नाही. म्हणून फार मोठी सुरमई खाऊ नये असं तिथले लोक सांगतात, आणि रेड बाससारखे काही मासे तर ठेवायलाच बंदी आहे. माहितगार माणूस सोबत नसेल तर स्वतः धरलेला अनोळखी मासा शिजवू नका. शिवाय ग्रेट बॅरियर रीफचा साधारण तिसरा हिस्सा २००४ पासून मासेमारीला पूर्ण बंद आहे. भाड्याची बोट स्वतः चालवणार असाल तर नकाशा आधी बघा.

डार्विनहून

कोणी मगरीबद्दल लिहिलंच नाही! खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर लांब उभं राहून गळ टाका, आणि मासा कडेला बसून साफ करू नका. आपल्याकडची सवय आहे ती.

डोंबिवलीहून

सगळ्यांचे आभार, छान माहिती. आम्ही डिसेंबरच्या शेवटी मुलांना घेऊन जातोय, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. मार्लिन जमेल का?

सिडनीहून

डिसेंबरअखेर मार्लिनचा हंगाम सरलेला असतो, आणि आठ वर्षांचं पोर अख्खा दिवस त्या बोटीवर बसणार नाही, तुम्हीही बसणार नाही. पावसाची तयारी ठेवा. नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश असतात, त्यामुळे पाम कोव्ह किंवा ट्रिनिटी बीचला जाळी लावलेल्या भागातच पोहायचं. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली टांगलेली दिसेल, ती जेलीफिश डसल्यास लावायलाच. मुलांना खाडीची अर्ध्या दिवसाची बोट द्या, सकाळची. जिताडा लागला तरी तेव्हा सोडावा लागेल हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड होईल.