किताबाच्या वर्षात नेमके काय घडते?
'युरोपियन युवा राजधानी'सारख्या किताबांच्या स्पर्धांतून शहरांची केवळ जाहिरात होते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. हा एका वर्षापुरता किताब युरोपियन युवा मंच (युरोपातील युवा संघटनांचा महासंघ) शहरांना देतो आणि २००९ मध्ये रॉटरडॅमपासून त्याची सुरुवात झाली. रोमानियातील क्लुज-नापोका २०१५ मध्ये युवा राजधानी असताना तेथे तरुणांसाठी सहभागी अर्थसंकल्पाचा, म्हणजे निधी कशावर खर्च करायचा हे लोकांनीच ठरवण्याचा, उपक्रम राबवला गेला. त्यात किमान तिघांच्या अनौपचारिक गटालाही आपली कल्पना मांडून, लोकांच्या मतांच्या बळावर निधी मिळवण्याची मुभा होती. आधी संस्था नोंदवा, मग बोला, ही कटकटच नाही (आणि उत्साह बहुधा तिथेच मावळतो). उद्घाटनाचे सोहळे काय, कोणतेही शहर करते. परीक्षकांनी पैशाचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हे आधी तपासावे.