उलट्या पडद्यावरचा जिमी

'डिस्को डान्सर' हा सिनेमा आता लोक फक्त टिंगल करायला बघतात, हे काही पटलं नाही बुवा. टिंगल तर आम्ही तेव्हाही करायचो. अमळनेरच्या यात्रेत, बोरी नदीच्या वाळूत तंबू टॉकीज लागायची. आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथून सगळं उलटं दिसायचं, म्हणून पुढं टीव्हीवर बघेपर्यंत मी मिथुनला डावखुरा समजत होतो!

करंट सोडलेली गिटार जिमीच्या, म्हणजे मिथुनच्या हाती लागू नये म्हणून त्याची आई स्वतःच ती धरते आणि जीव गमावते, तो प्रसंग आठवा. मग हा जिमी गिटारलाच घाबरतो. माझी आजी डोळ्याला पदर लावून रडत होती आणि मध्येच अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे? रडू आणि हसू एकाच वेळी, दुसऱ्या कुठल्या सिनेमात होतं सांगा.

गंमत म्हणजे त्यात कुणीच 'ही सगळी थट्टा आहे' असं सुचवत नाही. मिथुन जीव तोडून नाचतो, संगीतकार बप्पीदा जीव ओतून वाजवतात. १९८२ चा हा सिनेमा सोव्हिएत संघात कोट्यवधी लोकांनी तिकीट काढून पाहिला. २०२२ मध्ये लॉकडाऊनला वैतागलेल्या चिनी लोकांनी रिकामी भांडी दाखवत त्यातलं 'जिमी जिमी' गाणं वाजवलं, कारण त्यांच्या कानाला ते 'तांदूळ द्या' असं ऐकू येतं.

आमच्याकडे हळदीला बँजोवाल्यानं ती धून धरली की अजून म्हातारेही खुर्ची सोडतात. परवा तर नवरदेवाचे मामा पट्टा सावरत नाचले.